मास्लेनित्साचा शनिवार नणंदेचा

मास्लेनित्सा या रशियन सणाच्या फोटोंत बहुतेकदा एकच दृश्य असतं. बर्फात उभी केलेली गवताची बाई आणि तिला लावलेली आग. हिवाळ्याला निरोप देणारी रविवारची ती होळी देखणी असतेच. पण मॉस्कोत सून म्हणून आल्यापासून मला या सणाचा जीव वाटतो तो त्याआधीच्या येण्याजाण्यात.

ईस्टरआधीचा मोठा उपास सुरू व्हायच्या अगोदरचा हा आठवडा. २०२५ मध्ये तो २४ फेब्रुवारी ते २ मार्च असा आला. मटण-चिकन आदल्या रविवारीच बंद होतं. दूध, लोणी, अंडी मात्र चालतात, म्हणून घरोघरी ब्लिनी, म्हणजे घावनासारखी पातळ धिरडी. सासूबाईंच्या लहानपणी, सोव्हिएत काळात, सणाचं धार्मिक अंग झाकून त्याला ‘रशियन हिवाळ्याचा निरोप’ म्हणत. तव्यावरची ब्लिनी मात्र तीच होती.

बुधवारी सासू जावयाला जेवायला बोलावते, शुक्रवारी जावई सासूला. जुनी रीत तर अशी, की सासूने आदल्या संध्याकाळीच तवा, पळी, पीठ भिजवायचं भांडं लेकीकडे पाठवायचं आणि सासऱ्याने पीठ नि लोणी. लेकीच्या नव्या संसाराला त्या निमित्ताने हातभार. माझी आई रत्नागिरीत. शुक्रवारी व्हिडिओ कॉलवर जावयाचं ताट बघितल्याशिवाय तिला चैन पडत नाही.

शनिवार नणंदेचा. नव्या सुनेने नवऱ्याच्या बहिणींना घरी बोलवायचं, खाऊ घालायचं, भेट द्यायची. नणंदा अविवाहित असतील तर सुनेने आपल्या अविवाहित मैत्रिणींनाही बोलवायचं. परक्या घरात आलेल्या मुलीसाठी हा किती शहाणा दिवस आहे! माझी नणंद लवकर येते नि थेट ओट्याशी उभी राहते. कुट्टूचं नि गव्हाचं पीठ यीस्ट घालून फुगवलेलं असतं, त्यात ती गरम दूध ओतते. काट्याला अर्धा बटाटा टोचून, तेलात बुडवून बिडाच्या तव्यावरून फिरवते. आई घावनाच्या तव्यावरून अर्धा कांदा फिरवते, अगदी तस्सं. पीठ पडलं की तवा हलकेच कलवायचा. कडा तपकिरी होऊन सुटल्या की उलटायचं. वर लोणी, बाजूला स्मेताना, म्हणजे आंबटसर घट्ट साय. नणंदेला मी वन्सं म्हणते आणि ती ‘ओ’ देते.

रविवारी सगळे एकमेकांची माफी मागतात. “प्रस्ती मिन्या,” मला क्षमा कर. उत्तर येतं, “बोग प्रस्तीत,” देव क्षमा करेल. थोरांनीही धाकट्यांची माफी मागायची असते. सासूबाई माझा हात धरून हे म्हणाल्या तेव्हा मी पहिल्यांदा त्यांच्या गळ्यात पडून रडले.

सोमवारपासून दूध-अंडीही बंद. वन्सं उपास नेमाने पाळतात. म्हणून निघतानाच फर्माईश होते: मसुराची आमटी, मटकीची उसळ, कांदेपोहे. यंदा त्यांना थालीपीठही शिकायचंय. भाजणी आई पाठवतेय.