आमची वाटचाल : पडवीतल्या मोत्यांच्या माळा

२०१६ च्या दिवाळीला नणंदबाई पुण्याहून आल्या त्या फराळाच्या डब्यांबरोबर एक छोटी डबी घेऊन आल्या. आत ओल्या टिश्यूत गुंडाळलेली वीतभर वेल आणि वेलीला हिरवे गोल मणी. सासूबाईंनी हातात घेऊन बघितली आणि म्हणाल्या, "हे मटार कसले गो एवढे बारीक?" ती आमच्याकडची पहिली स्ट्रिंग ऑफ पर्ल्स, आम्ही तिला पहिल्या दिवसापासून मोत्याची माळच म्हणतो. तेव्हा आमची नर्सरी म्हणजे हापूसची नि काजूची कलमं, नारळाची रोपं आणि थोडी जास्वंद-मोगरा, दापोलीहून हर्णैला जाताना रस्त्यापासून जरा आत आमची वाडी आहे तिथेच सगळं. कलमं जातात ती पावसाळ्याच्या तोंडावर, बाकी वर्षभर माणूस फिरकत नाही, म्हणून मनात आलं की येणाऱ्या पर्यटकांना गाडीत मावेल, घरात लटकवता येईल असं काहीतरी आपण करावं.

लावायला तशी सोपी निघाली. तुकडा मातीत पुरायचा नाही, मातीवर गोल वेटोळं करून ठेवायचा, केसांच्या पिनेने हलकेच दाबायचा, आणि जिथे देठ मातीला टेकतो तिथे गाठीतून मुळं सुटतात. पुढच्या हिवाळ्यात पुण्याहून आणखी माळा आणल्या आणि २०१८ च्या मे महिन्यापर्यंत ४० कुंड्या भरून लटकत होत्या. त्यातल्या ३७ ऑगस्टपर्यंत कुजून गेल्या.

कशा गेल्या ते सांगते, कारण अजूनही लोक तोच फोटो पाठवून विचारतात की ताई हे काय झालं. आधी वरचे, मातीला टेकलेले मणी शिजलेल्या साबुदाण्यासारखे दिसायला लागतात, म्हणजे हिरवे पण आरपार, बोट लावलं की फुटतात. खाली लोंबणारी माळ मात्र अजून ताजी दिसते म्हणून आपण गाफील राहतो आणि कुंडी उचलली की ती अख्खी माळ हातात येते, कारण वरचा देठ केव्हाच कुजलाय. मला वाटलं पाणी कमी पडलं, मी आणखी घातलं. सासूबाई पडवीत बसून बघत होत्या, त्या म्हणाल्या, "हवाच पाजत्येय त्यांना पाणी, तू कशाला आणखी घालत्येस?" त्या एका वाक्यावर आमचा सगळा धंदा उभा आहे असं मी आजही मानते.

ही माळ मूळची दक्षिण आफ्रिकेची, तिथल्या कोरड्या भागात झुडपांच्या सावलीत जमिनीवर पसरून वाढते. पान गोल का, तर आत जास्तीत जास्त पाणी मावावं आणि उन्हाला कमीत कमी अंग लागावं. आता ती आणून लटकवायची दापोलीत, जिथे वर्षाला ३,००० मिलिमीटरच्या वर पाऊस आणि जुलैत भिंतीसुद्धा घाम फोडतात! पुण्या-नाशिकच्या माणसाने सांगितलेलं "आठवड्यातून एकदा पाणी" इकडे चालत नाही, आणि मी तेच करत होते.

आणखी एक चूक पैशाची होती. आम्ही ५० टक्क्याची शेडनेट घातली आणि निश्चिंत झालो, पण शेडनेट ऊन अडवते, पाऊस नाही, तो गाळून आत येतोच. मग वर जाड पॉलिथीन शीट टाकली तर वारा कोंडला आणि जे कुजायचं राहिलं होतं ते कोंडीने कुजलं. पंखे लावले. पण आमच्याकडे पावसात लाइट जाते ती कधीकधी दोन-दोन दिवस येत नाही, त्यामुळे पंख्यावर विसंबलेली नर्सरी कोकणात टिकत नाही हे माझं ठाम मत झालंय. शेवटी घराची उगवतीकडची पडवीच लांब करून घेतली. पाऊस-वारा समुद्राकडून म्हणजे मावळतीकडून येतो, तो घर अडवतं, सकाळचं कोवळं ऊन मिळतं, खारा वारा थेट लागत नाही. कुंड्या पागोळीपासून दोन हात आत आणि एकमेकींपासून वीतभर लांब. कुंडीच्या वरच्या तोंडावर उजेड पडला पाहिजे हे फार महत्त्वाचं, लोक छताला चिकटवून लटकवतात, मग खाली माळा छान नि वर डोक्यावर टक्कल पडतं.

मातीचं म्हणाल तर आमची माती अशी : एक भाग धुतलेलं कोकोपीट, एक भाग जळलेलं भाताचं तूस आणि दोन भाग जांभ्याची बारीक खडी. चिऱ्याच्या खाणीवर खडी मिळते पण तिची धूळ चाळून, पाण्याने धुऊन काढायची, नाहीतर ती लाल धूळ तळाला बसून चिखल होतो. समुद्राची वाळू अजिबात नको, कितीही धुतली तरी मी वापरणार नाही. कोकोपीटमध्येही मीठ असतं, आम्ही ते गोड्या पाण्यात भिजवून तीनदा पिळतो. कुंडी उथळ, चार बोटं खोल पुरे.

पाणी कधी द्यायचं ते मणीच सांगतो. जवळून बघा, प्रत्येक मण्यावर वरून खाली एक बारीक काचेसारखी चीर असते, ती त्याची खिडकी, तिच्यातून उजेड मण्याच्या पोटात जातो. मणी भरलेला असला की खिडकी रुंद दिसते, तहान लागली की चीर मिटत येते आणि मणी बोटांत थोडा मऊ लागतो. तेव्हा पाणी, भरपूर, खालून निथळेपर्यंत, आणि मग परत हात लावायचा नाही. हिवाळ्यात आमच्याकडे हे दहा-बारा दिवसांनी येतं, पावसाळ्याच्या चार महिन्यांत मी एका कुंडीला सगळं मिळून दोनदा-तीनदा पाणी दिलं असेल. घरात लहान मूल किंवा मांजर असेल तर मात्र उंच लटकवा, हे मणी मटारसारखे दिसतात पण विषारी आहेत. हे मी विकताना प्रत्येकाला सांगते, त्यामुळे दोन गिऱ्हाइकं कमी झाली तरी चालतील.

जरा बस्तान बसतंय तोवर ३ जून २०२० ला निसर्ग वादळ आलं. इकडच्या माणसाला त्या दिवसाबद्दल काय सांगायचं. वाडीतल्या सुपाऱ्या एका रांगेत झोपल्या, माड पडले, मागच्या अंगणातली शीट पाइपसकट शेजारच्या आगरात सापडली. लाइट किती दिवस नव्हती ते मोजायचं सोडून दिलं होतं. कुंड्यांचं वाईट वाटायलाही वेळ नव्हता, आधी घराची कौलं. पंधरा दिवसांनी मी पडवीच्या कोपऱ्यातला ढीग उपसला तर मोडक्या कुंडीखाली नणंदबाईंच्या पहिल्या माळेचा तुकडा मिळाला, सुकलेला, पण मधले सातआठ मणी भरलेले होते. आज आमच्याकडे ज्या मोत्यांच्या माळा आहेत त्या बऱ्याचशा त्याच तुकड्याच्या. पुढच्या वर्षी मे महिन्यात तौक्ते आलं तेव्हा आदल्या दिवशीच सगळ्या कुंड्या उतरवून घरात, अगदी देवघरापर्यंत ठेवल्या आणि शीट गुंडाळून बांधून टाकली, एकही गेली नाही.

मोत्यांबरोबर आम्ही आणखीही लटकती झाडं लावली. त्यातली गाढवाची शेपटी म्हणजे बुरोज टेल, ही मूळची मेक्सिकोची, दिसायला सगळ्यात सुंदर पण विकायला सगळ्यात अवघड, कारण हात लागला की पानं टपाटप गळतात. सासूबाईंनी गळलेली पानं टाकू दिली नाहीत, म्हणाल्या पानफुटीसारखीच दिसतायत. आणि खरंच, दोन्ही एकाच कुळातल्या, क्रॅसुलेसी! मातीवर नुसती पसरून ठेवली तर महिन्याभरात देठाकडच्या टोकाला गुलाबी मुळं नि इवलं रोप. तेव्हापासून गळलेलं पान आमच्याकडे बियाणं आहे. पण ही शेपटी कुरियरने मात्र पाठवत नाही. एकदा एका कुरियरवाल्यांनी २२ बॉक्स आठ दिवस गोडाऊनमध्ये ठेवले, गिऱ्हाइकांनी उघडले तर आत नुसती काड्यांना लागलेली माती आणि तळाला पानं. सगळ्यांचे पैसे परत केले, त्या महिन्यात घरखर्च कलमांच्या पैशातून काढला. आता बाकीच्यांचं कुरियरही फक्त नोव्हेंबर ते फेब्रुवारी, निघण्याआधी तीनचार दिवस पाणी बंद, आणि माळा जुन्या सुती साडीच्या पट्टीत गुंडाळून. या शेपटीवर पिठ्या ढेकूण आला तर कडुनिंबाचं तेल फवारू नका, पानांवरची पांढुरकी भुकटी जाते आणि उन्हाने डाग पडतात. कापसाची काडी स्पिरिटमध्ये बुडवून जिथे ढेकूण दिसतो तेवढ्याच ठिकाणी टेकवा. आणि मुंग्या कुठून येतायत ते बघा, त्याच त्यांना फिरवतात.

माझी सगळ्यात लाडकी मात्र बदामाची माळ, स्ट्रिंग ऑफ हार्ट्स. पत्त्यातल्या बदामासारखं पान, त्यावर चंदेरी नक्षी, खालून जांभळट. वेलीवर मध्येच मण्यासारखी गाठ येते तेव्हा लोक घाबरून फोन करतात की गाठ आली, रोग आहे का. रोग नाही, तो तिचा छोटा कंद आहे, मातीवर टेकवून ठेवा, नवीन वेल येते. हिचं फूल नीट बघा, बारीकसं कंदिलासारखं. ही सेरोपेजिया, म्हणजे आपल्या सह्याद्रीतल्या कंदीलपुष्पाची, खर्पुडीची बहीण! आंबोलीकडची एखादी रानातली खर्पुडी आणून द्याल का, दाम देतो, असं विचारणारेही भेटलेत. त्यातल्या कित्येक जाती फक्त आपल्याच डोंगरांत आहेत आणि मोजक्या जागी उरल्यात. आम्ही एकही कंद रानातून उपटलेला नाही आणि उपटणार नाही. ते सांगताना माझा आवाज चढतो, चढू दे.

२०२२ पासून आम्ही मोर्चा वळवला तो अशा लटकत्या झाडांकडे ज्यांना आपली हवा मुळातच आवडते. होया, डिशिडिया, आणि रिप्सॅलिस, जो ब्राझीलच्या पावसाळी जंगलात झाडांवर वाढणारा निवडुंग आहे. ही जमिनीतली नाहीत, फांदीवर बसणारी, होयाच्या काही जाती तर सह्याद्रीतही सापडतात. यांना आम्ही नारळाच्या सोडणाचे तुकडे आणि कोळसा घालून करवंटीत लावतो, करवंटीला तळाशी तीन भोकं आणि काथ्याची दोरी. जुलैत जेव्हा मोती जीव मुठीत धरून असतात तेव्हा डिशिडियाची नाण्यांसारखी पानं रोज बोटभर पुढे सरकतात. होयाचा फुलून गेलेला दांडा कापू नका एवढंच, पुढची फुलं त्याच दांड्यावर येतात. आणि फेब्रुवारीत बाजारात बदामाच्या आकाराचं होयाचं एकच पान कुंडीत खोचून विकतात ना, ते आमच्याकडे मागू नका. देठाची गाठ नसेल तर ते पान वर्षानुवर्षं नुसतं पानच राहतं, वेल होत नाही. पोरं एकमेकांना प्रेमाने देतात आणि कधी वाढेल म्हणून वाट बघतात, मला ते विकवत नाही.

आता घरचे आम्ही तिघं आणि गावातल्या दोघी वहिनी मिळून काम करतो, करवंट्या घासणं-भोकं पाडणं पूर्ण त्यांच्याकडे. मार्च-एप्रिलमध्ये आंजर्ल्याला, वेळासला कासवं बघायला येणारी मंडळी परतताना थांबतात तेव्हा कासवाच्या पाठीसारखी नक्षी असलेली पेपरोमियाची वेल हातोहात जाते.

मोत्याच्या माळा आम्ही १ जून ते ३० सप्टेंबर विकत नाही, कितीही आग्रह केलात तरी. दसरा झाला की या, सकाळी ९ ते १२, तेव्हा पडवीत ऊन असतं आणि मण्याची खिडकी नीट दिसते, ती बघून तुमची माळ तुम्हीच निवडा.