हर एक्स-१: ३५ दिवसांचं शिखर नेमकं कुणाचं?

हर एक्स-१ हा क्ष-किरण देणारा जोडतारा: एक न्यूट्रॉन तारा आणि त्याभोवती सोबत्याकडून ओढलेल्या वायूची तबकडी. तबकडी डुलते तशी त्याची चमक सुमारे ३५ दिवसांनी वरखाली होते. मागच्या नोंदीत मॅक्सी या क्ष-किरण दुर्बिणीच्या डेटाचा पिरिओडोग्राम, म्हणजे कोणता ताल किती जोरदार हे दाखवणारा आलेख, दिला होता; तो बाद समजा. २००९ ते २०११ च्या तुकड्यात ३५ दिवसांवर आलेलं ते टोकदार शिखर सगळं ताऱ्याचं नाही.

मॅक्सी बसवलंय अंतराळ स्थानकावर. पृथ्वी विषुववृत्तापाशी फुगीर असल्यामुळे स्थानकाच्या कक्षेचं प्रतल रोज साधारण ५ अंश सरकतं. ३५० किमी उंचीवर ही फेरी ७० दिवसांत पुरी होते, आणि पार्श्वभूमी (ताऱ्याखेरीजची मोजणी) त्याच तालावर वरखाली होते. त्याचा दुसरा हार्मोनिक, म्हणजे निम्मा काळ, बरोब्बर ३५ दिवसांचा! आपल्या ताऱ्याची तबकडी सरासरी ३४.८५ दिवसांत डुलते. २०११ मध्ये स्थानक ४०० किमीच्या आसपास नेलं, तेव्हापासून फेरी ७२ दिवसांची आणि निम्मी ३६ ची. ३४.८५ आणि ३६ सुटे दिसायला किमान ११०० दिवसांचा डेटा लागतो. दोन-दोन वर्षांचे तुकडे पाडले की शिखरं एकमेकांत मिसळतात. हीच चूक झाली होती.

तपासायची सोपी युक्ती: फ्लक्सऐवजी (मोजलेल्या तेजाऐवजी) त्रुटीच्या रकान्याचा लॉम्ब-स्कार्गल (विषम अंतराच्या नोंदींसाठीचा पिरिओडोग्राम) काढा. तिथे ७२ किंवा ३६ वर काही उभं राहिलं तर सावध व्हा. ताऱ्याची स्वतःची चमकही त्रुटीत थोडी उतरते, म्हणून खात्रीसाठी तोच कोड जवळपासच्या डेक्लिनेशनच्या (आकाशातल्या अक्षांशाच्या) एखाद्या मंद स्रोतावर चालवा. तुलनेला नेहमी घेतला जाणारा क्रॅब नेब्युला इथे कामाचा नाही. तो इतका तेजस्वी की पार्श्वभूमीचा परिणाम त्यात बुडून जातो, शिवाय २००८ ते २०१० मध्ये तो स्वतःच सुमारे ७ टक्क्यांनी उतरला होता. ७२ दिवसांची साइन बसवून वजा करण्याच्या फंदातही पडू नका; स्थानकाची उंची बदलत राहते, ताल पक्का राहत नाही.

दिवसाचे बिन (सरासरीचे तुकडे) सोडा, दुर्बिणीच्या कक्षेगणिक बिन घ्या. ताऱ्याच्या १.७००१७ दिवसांच्या कक्षेवर घडी घालून फेज (फेरीतलं स्थान) ०.९३ ते १.०७ मधले, सोबती आड येतो ते ग्रहणाचे बिंदू आधी काढून टाका, मगच पिरिओडोग्राम.

एवढं केल्यावर स्विफ्ट उपग्रहावरच्या बॅट या क्ष-किरण उपकरणात, १५ ते ५० केईव्ही ऊर्जेत, ३५ दिवसांचं शिखर दिमाखात उभं आहे. स्थानकाशी त्याचा काही संबंध नाही, म्हणून हे शिखर ताऱ्याचंच. या कामाला मॅक्सीपेक्षा बॅटच बरं, हे आता ठाम मत.

हे लिहितानाच सुचलं: पिरिओडोग्रामचा हट्ट कशाला? मुख्य उजळणं दर वेळी १९.५, २०, २०.५ किंवा २१ कक्षांनी येतं, आणि बहुधा फेज ०.२ किंवा ०.७ च्या आसपास सुरू होतं. सरासरी काढली की हाच सगळा मजकूर पुसला जातो. त्यापेक्षा प्रत्येक चढावर रेघ बसवून सुरुवातीची वेळ काढायची आणि ओ-सी (निरीक्षित वेळ वजा अपेक्षित वेळ) मांडायचा. अर्ध्या कक्षेच्या, म्हणजे ०.८५ दिवसाच्या, पायऱ्या त्यात दिसायला हव्यात. एसएमसी एक्स-१ हा असाच दुसरा जोडतारा तूर्त मागे. त्याचा काळ ४० ते ६० दिवसांत सरकतो, त्याला वेगळी हत्यारं लागतील.

सोबत एचझेड हर्क्युलिसची, म्हणजे याच जोडीतल्या दृश्य प्रकाशात दिसणाऱ्या सोबत्याची, प्रकाशमितीही (तेजाची मोजणी) सुरू करू. तारा तेजाच्या १३ ते १५ प्रतींदरम्यान हलतो, ठाण्यात घोडबंदरच्या उजेडात गच्चीवरून जमणार नाही. अंधाऱ्या वांगणीकडे जावं लागेल. जूनमध्ये तो मध्यरात्री माथ्याजवळ येतो, पण तेव्हा ढग, म्हणून एप्रिल-मेच्या अमावास्या धरा. १९८३ आणि १९९९ मध्ये क्ष-किरण महिनोन्महिने जवळजवळ दिसेनासे झाले, तरी सोबत्याची तापलेली बाजू १.७ दिवसांनी उजळतच होती: उगम चालू होता, फक्त आपल्या बाजूने तबकडी आड आली होती. तशी मंदी पुन्हा आली तर बॅटमध्ये ओ-सी मांडायला काहीच उरणार नाही. तेव्हा हीच प्रकाशमिती हाताशी असेल.