उघडी टर्मिनल चार, हिस्टरी एक

कामाच्या वेळी माझी तीन-चार टर्मिनल उघडी असतातच. एकात सर्व्हर, एकात लॉग, एकात गिट (कोडमधले बदल नोंदवणारं साधन). रात्री सगळी बंद केली की सकाळी जुन्या कमांड आणायला वरचा बाण दाबल्यावर सर्वात शेवटी बंद केलेल्या टर्मिनलच्याच कमांड सापडायच्या. फाइल शोधायची हातभर लांब फाइंड कमांड पुन्हा जुळवत बसायचा वैताग आला, तेव्हा बॅशचं, म्हणजे टर्मिनलमध्ये आपल्या कमांड चालवणाऱ्या शेलचं, मॅन्युअल उघडलं.

बॅश दिवसभराच्या कमांड मेमरीत ठेवतं आणि सेशन संपताना हिस्टरी फाइलमध्ये लिहितं. हिस्टअपेंड हा पर्याय चालू नसेल, तर फाइलमधलं आधीचं पुसून लिहितं. म्हणून बॅशआरसीमध्ये (बॅश सुरू होताना वाचतं ती सेटिंगची फाइल) 'शॉप्ट -एस हिस्टअपेंड' टाकलं. तरी टर्मिनल चालू असेपर्यंत त्यातलं फाइलमध्ये काहीच उतरत नव्हतं. मग सगळीकडे सांगितला जातो तोच उपाय केला: प्रॉम्प्ट-कमांड व्हेरिएबलमध्ये 'हिस्टरी -ए; हिस्टरी -एन'. प्रत्येक प्रॉम्प्टच्या, म्हणजे कमांडची वाट पाहणाऱ्या ओळीच्या, आधी -ए आपल्या नव्या कमांड फाइलला जोडतो आणि -एन इतर टर्मिनलनी जोडलेल्या वाचून घेतो.

दोन दिवस मजा वाटली. मग लॉगच्या टर्मिनलमध्ये कंट्रोल-सी करून टेल (लॉगच्या नव्या ओळी दाखवणारी कमांड) थांबवला, तोच पुन्हा चालवायला वरचा बाण दाबला, आणि समोर आलं 'गिट पुश --फोर्स'! शेजारच्या टर्मिनलमधलं, सर्व्हरवरचे इतरांचे बदल पुसू शकणारं. एंटर दाबायच्या आत दिसलं म्हणून बरं.

त्याच दिवशी -एन काढला. आता प्रॉम्प्टला फक्त -ए चालतो. दुसऱ्या टर्मिनलमधलं काही हवं असेल तर 'एचएन' नावाचं एलियस (कमांडला दिलेलं छोटं नाव) मारायचं, म्हणजे तेवढ्यापुरता -एन चालतो, मग कंट्रोल-आरने शोधायचं. लिहिणं आपोआप, वाचणं मागेन तेव्हाच. मला हेच सोयीचं पडतं. झेडशेल या दुसऱ्या शेलमध्ये शेअर-हिस्टरी हा एकच पर्याय दोन्ही करतो, पण वरच्या बाणाची कटकट तिथेही आहेच.

हिस्टरीची मर्यादा मुळात 500 ओळींची असते. बॅश 4.3 पासून हिस्टसाइझ (मेमरीतली मर्यादा) आणि हिस्टफाइलसाइझ (फाइलमधली) दोन्ही उणे 1 केल्या की ती उठते. मात्र बॅशआरसी न वाचता उघडलेलं एखादं बॅश नेहमीची हिस्टरी फाइल पुन्हा 500 वर छाटू शकतं, म्हणून हिस्टफाइल व्हेरिएबलमध्ये मी फाइलचं वेगळंच नाव दिलंय. हिस्टटाइमफॉरमॅटही लावलाय, त्यामुळे फाइलमध्ये प्रत्येक कमांडच्या वर # आणि ती चालवल्याच्या वेळेचा सेकंदांतला आकडा येतो. चार टर्मिनलमधलं आधी काय, नंतर काय ते कळतं. इरेजडप्स हा पर्याय मेमरीतल्या पुनरावृत्ती काढतो, पण -ए ने फाइलमध्ये गेलेल्या तशाच राहतात. राहू देत.