कोणत्या कानात बसवायचं?

जुन्नरकडचे पन्नाशीतले एक शेतकरी कॉक्लियर इम्प्लांटसाठी, म्हणजे ऑपरेशन करून आतल्या कानात बसवायच्या ऐकण्याच्या यंत्रासाठी, आले होते. दोन्ही कान हळूहळू गेलेले, हिअरिंग एडचा उपयोग संपलेला. दोन्हीकडचे ऑडिओग्राम (ऐकण्याच्या तपासणीचे आलेख) जवळजवळ सारखे, स्कॅनमध्येही फरक नाही. फोन उजव्या कानाला लावायची सवय, म्हणून उजवी बाजू ठरली होती.

मी ऑडिओलॉजिस्ट, ऐकणं आणि तोल तपासणारी. तोलाची तपासणी माझ्याकडे होती. "चक्कर येते का?" असं पाटीवर लिहून विचारलं. त्यांनी नकारार्थी मान हलवली. त्यांच्या पत्नी मात्र म्हणाल्या, "चक्कर नाय मॅडम, पण रात्री पाणी द्यायला गेले की बांधावरनं डावीकडं कलंडतात. दिवसा काही नाही."

तोल सांभाळतात डोळे, पायांतली जाणीव आणि आतला कान. अंधारात, ओल्या भुसभुशीत मातीत पहिले दोन आधार लंगडे पडतात आणि सगळा भार कानावर येतो. इम्प्लांटची तार जिथे सरकवतात त्या ऐकण्याच्या शंखाला (कॉक्लियाला) लागूनच तोलाचे अवयव असतात. ऑपरेशनमध्ये त्यांना, विशेषतः त्यातल्या सॅक्यूल नावाच्या छोट्या पिशवीला, इजा होऊ शकते.

कॅलरिक टेस्टमध्ये कानात ३० आणि ४४ अंश सेल्सिअसचं पाणी सोडतात; त्या कानाचा तोल शाबूत असेल तर बुबुळं झटके देत हलतात. बंद गॉगलमधला कॅमेरा बुबुळं टिपतो. एरवी आम्ही त्या वेळी, मन जागं राहावं म्हणून, पेशंटला प्रश्न विचारून बोलतं ठेवतो. यांना गॉगल लावल्यावर ना दिसणार, ना ऐकू येणार. म्हणून आधीच ठरवलं: खांद्यावर एक थाप म्हणजे पिकांची नावं मोठ्याने म्हणायची, दोन थापा म्हणजे झालं.

"कांदा, टोमॅटो, सोयाबीन..." उजव्या कानात पाणी गेलं आणि बुबुळं झटक्याझटक्याने सरकू लागली. डाव्या कानात काहीच नाही. थंड, गरम, शेवटी बर्फाचं पाणी, रेघ सपाट. मान झटकन डावीकडे वळवली तर नजर समोर खिळून राहायच्या ऐवजी मानेबरोबर वाहत गेली, मग उडी मारून परतली. हा माणूस एकट्या उजव्या कानावर तोल धरून होता, आणि नेमका तोच कान ऑपरेशनला निवडला होता!

त्याच दुपारी रिपोर्ट घेऊन सर्जनकडे गेले. उजव्याचा तोलही गेला असता तर चालताना समोरचं सगळं हलत राहिलं असतं, आणि विहिरीत बुडी मारल्यावर वर-खाली कळलं नसतं. सरांनी ग्राफ पुन्हा पाहिले आणि बाजू बदलली.

डाव्या कानातून ते आता ऐकतात. रात्री बांधावर टॉर्चशिवाय जायचं नाही, हे पत्नीने पक्कं केलंय. उजव्यातही बसवायचं का, असं मध्यंतरी विचारत होते. त्याआधी तोलाची तपासणी पुन्हा होईल, हे मी त्यांना लिहून दिलंय.