आमची वाटचाल : चरा नेमका कुणाचा?

लॅमिंग्टन रोडला, म्हणजे पाटीवरच्या डॉ. भडकमकर मार्गाला लागून असलेल्या गल्लीत वडिलांनी रेडिओ-टेपरेकॉर्डर दुरुस्तीचे दुकान थाटले, तेव्हा रेकॉर्डवर सुई घासायची, टेप हेडला घासत जायची आणि त्या झिजेवरून कुणी दुकानदाराशी वाद घालत नसे. सीडी जगाच्या बाजारात १९८२ साली आली. आमच्या काउंटरवर ती आणि पाठोपाठ व्हीसीडी नव्वदच्या दशकात आली आणि वादही आला. डिस्क वाचणारा लेसर तिला शिवतच नाही, मग दुरुस्तीनंतर तिच्यावर चरा आला कुठून? खरे सांगायचे तर सुरुवातीला आम्हीही "तुमच्याच हातून पडला असेल" असे म्हणून मोकळे होत असू.

ही सवय लालबागच्या एका काकूंनी मोडली. त्यांच्या प्लेयरची स्पिंडल मोटर, म्हणजे डिस्क फिरवणारी मोटर, मी बदलली होती. मोटरच्या दांड्यावर डिस्क ज्या चकतीवर टेकते ती दाबून बसवावी लागते आणि तिची उंची पहिल्याइतकीच राखावी लागते. माझ्याकडून ती किंचित जास्त दाबली गेली. चार दिवसांनी काकू मुलीच्या लग्नाची व्हीसीडी घेऊन आल्या. मधल्या भोकाजवळ, कंपासने काढावे तसे, बारीक वर्तुळ उमटले होते. "मी काय असं मोजून गोल पुसते का रे?" एवढेच त्या म्हणाल्या. प्लेयर उघडला, तर लेसर ज्यातून डिस्कवर पडतो त्या लेन्सभोवतीच्या प्लास्टिकवर पांढरी भुकटी दिसली. प्लेयर सुरू होताना ही लेन्स बसवलेले हेड आतल्या टोकाला असते, कारण डिस्कची अनुक्रमणिका तिथे असते, आणि लेन्स वर-खाली होऊन नेम धरते. डिस्क खाली बसल्यामुळे नेमकी तिथेच ती घासत होती. मी चूक कबूल केली, डिस्क पॉलिश करून दिली आणि ती चालली, हे आमचे नशीब.

तेव्हापासून आम्ही आधी चरा वाचतो आणि मग तोंड उघडतो. केंद्राभोवती नीट गोल असेल तर डिस्क फिरत असताना तिला काहीतरी टेकले आहे, म्हणजे दोष यंत्राचा, किंवा चालू प्लेयर कुणीतरी हलवल्याचा. गाडीतल्या, फटीतून डिस्क ओढून घेणाऱ्या प्लेयरच्या रोलरवर धूळ साचली की सरळ, समांतर रेघा येतात. वेड्यावाकड्या रेघा मात्र हाताच्या, कव्हराच्या आणि टेबलाच्या. दुर्दैव असे की यंत्राचा गोल चराच सर्वांत घातक असतो. सीडीवरील माहिती आतून बाहेर जाणाऱ्या एकाच सर्पिल रेषेत असते आणि त्या रेषेवरची साधारण अडीच मिलिमीटरपर्यंतची सलग तूट चूकदुरुस्तीची योजना भरून काढते. रेषेला आडवा गेलेला चरा प्रत्येक फेऱ्यात थोडेसेच बिघडवतो, पण रेषेबरोबर धावणारा चरा ही मर्यादा सहज ओलांडतो. म्हणूनच डिस्क गोल न पुसता मधून कडेकडे पुसायची.

याहून मोठा गैरसमज चकचकीत बाजूचा. ती जपायची म्हणून लोक डिस्क छापील बाजू खाली करून ठेवतात. सीडीची जाडी १.२ मिलिमीटर, जवळजवळ सगळे प्लास्टिक खालच्या बाजूला आणि माहितीचा थर वर, छपाईच्या लगेच खाली, पातळ लाखेच्या आड. खालचा चरा घासून काढता येतो. वरून थरच खरवडला गेला तर आम्ही हात जोडतो. डीव्हीडीत तो थर दोन चकत्यांच्या मध्ये असल्याने ती भीती कमी.

आता प्लेयर क्वचितच येतात; येतात त्या माळ्यावरून उतरवलेल्या लग्न-मुंजीच्या डिस्का, पेन ड्राइव्हवर उतरवून घ्यायला. तरीही दुरुस्त झालेल्या प्रत्येक यंत्रात आधी आमची स्वतःची डिस्क दहा मिनिटे फिरते, ट्यूबलाइटखाली तिरकी धरून पाहिली जाते आणि मगच गिऱ्हाइकाची डिस्क ट्रेमध्ये जाते.