पहिल्या फेरीचा ताळेबंद: ॲस्ट्रोजच्या ड्राफ्ट-निवडी तपासताना

ह्यूस्टन ॲस्ट्रोज या अमेरिकन बेसबॉल संघाने 2012, 2013 आणि 2014 अशी लागोपाठ तीन वर्षं ड्राफ्टमध्ये, म्हणजे नवे खेळाडू वाटून घेण्याच्या वार्षिक निवडीत, अगदी पहिली निवड केली. त्या तिघांपैकी एकच जण ॲस्ट्रोजकडून मेजर लीगमध्ये, म्हणजे सर्वोच्च स्तरावर, खेळला. तरीही 2017 साली हा संघ वर्ल्ड सिरीज, म्हणजे मेजर लीगची अंतिम मालिका, जिंकला. आमच्याकडे इथे सगळे सांगतात ते वेगळंच: संघ मुद्दाम हरत राहिला, पहिला नंबर मिळवला, चांगली पोरं उचलली आणि जिंकला. हरण्याबद्दलचे आकडे खरेच आहेत. 2011 मध्ये 106, 2012 मध्ये 107 आणि 2013 मध्ये 111 पराभव. पण पुढचं सगळं इतकं सरळ असेल यावर माझा विश्वास बसेना. मी व्यवसायाने हिशेब तपासते आणि राहते शुगर लँडमध्ये. ॲस्ट्रोजचा ट्रिपल-ए संघ, म्हणजे मेजर लीगच्या एकच पायरी खालचा, आमच्याच गावात खेळतो, त्यामुळे वर जाऊ पाहणारी मुलं जवळून दिसतात. एका हिवाळ्यात, सीझन संपल्यावर, मी या निवडींचा ताळेबंद मांडायला घेतला.

आयपीएलच्या लिलावाची सवय असलेल्यांसाठी थोडं सांगते. बेसबॉलचा ड्राफ्ट 1965 पासून चालू आहे आणि त्यात बोली लागत नाही. शाळा-कॉलेजातल्या खेळाडूंमधून संघ पाळीपाळीने एकेकाचं नाव घेतात. त्या काळी मागच्या वर्षी सगळ्यात वाईट खेळलेल्या संघाची पाळी पहिली असायची (2023 पासून पहिल्या काही जागांसाठी लॉटरी काढतात). निवड झाली की त्या खेळाडूशी फक्त तोच संघ करार करू शकतो. तो मोठ्या संघात पोचायला बहुधा तीन-चार वर्षं लागतात, आणि पोचल्यावर साधारण सहा सीझन तो संघाच्या ताब्यात राहतो. अमेरिका, कॅनडा आणि पोर्तो रिको इथल्या मुलांनाच हा ड्राफ्ट लागू आहे. व्हेनेझुएलाचा होसे अल्तुवे, ज्याला ॲस्ट्रोजने 2007 मध्ये अवघ्या 15 हजार डॉलरांत घेतलं, तो माझ्या तक्त्यात येणारच नव्हता. म्हणजे 2017 च्या विजयाचा एक मोठा खांब ड्राफ्टच्या बाहेरच उभा होता. हे आधीच नोंदवून ठेवलं.

मग सुरुवातीच्या निवडी कुठवर धरायच्या ते ठरवलं. फक्त पहिली फेरी घेतली असती तर 2012 चं वर्ष कळलंच नसतं, म्हणून पहिल्या पन्नासच्या आतल्या निवडी घेतल्या आणि जिथे पैशांचा धागा खाली जातो तिथे तो धरून खाली गेले. दुसरा प्रश्न मापाचा. खेळाडूने संघाला किती जादा विजय मिळवून दिले हे सांगणारा ‘वॉर’ नावाचा आकडा आता सगळे वापरतात. बेसबॉल-रेफरन्स आणि फॅनग्राफ्स दोघंही तो फुकट देतात, पण पिचरच्या, म्हणजे चेंडू टाकणाऱ्याच्या, बाबतीत दोघांचं गणित वेगळं असतं. एक जण प्रत्यक्ष दिलेल्या धावा बघतो, तर दुसरा स्ट्राइकआउट, वॉक आणि होम रन अशा पिचरच्या स्वतःच्या हातातल्या गोष्टींवर भर देतो. मी पहिलं धरलं, कारण मला काय व्हायला हवं होतं यापेक्षा काय झालं ते मोजायचं होतं. शिवाय आकडा फक्त ॲस्ट्रोजकडे असतानाचा घ्यायचा. पुढे दुसऱ्या संघात तो काय खेळला याचं श्रेय या खात्यात नाही.

खरी अडचण पुढे आली. कोणतीही निवड नंतरच्या सगळ्यात थोर नावाशी ताडून पाहिली तर प्रत्येक संघ मूर्ख ठरतो. 2009 मध्ये ॲस्ट्रोजने 21 व्या क्रमांकावर जिओव्हानी मिअर हा शॉर्टस्टॉप घेतला आणि चारच जागा खाली एंजल्सनी माइक ट्राउटला उचललं. वाचताना जीव हळहळतो. पण ट्राउटला पहिल्या 24 निवडींमध्ये कोणीच घेतलं नव्हतं, मग एकट्या ॲस्ट्रोजला दोष कसा लावायचा? 1992 चं प्रकरण वेगळं. त्या वर्षी ॲस्ट्रोजने पहिल्या क्रमांकावर फिल नेव्हिनला घेतलं. संघाचेच स्काउट (खेळाडू हेरणारे), हॉल ऑफ फेममधले पिचर हॅल न्यूहाउझर, पुढे थोर ठरलेल्या डेरेक जिटरला घ्या म्हणून जीव तोडून सांगत होते. त्यांचं ऐकलं नाही, तेव्हा त्यांनी काम सोडलं. जिटर सहाव्या क्रमांकावर यँकीजकडे गेला. इथे माहिती घरात होती आणि तरी बाजूला सारली गेली, म्हणून हा दोष मी खराच मानते. या दोन उदाहरणांवरून माझा नियम ठरला: प्रत्येक निवडीला दोन रकाने. त्या दिवशी जे ठाऊक होतं त्यावरून निर्णय कसा होता, हा एक. आणि पुढे काय निघालं, हा दुसरा. शेजारी आगेमागच्या पाच-पाच निवडींचं काय झालं तेही लिहायचं.

या पद्धतीने 2011 ची ओळ भरताना खूप आनंद झाला. कनेटिकट विद्यापीठाचा आउटफिल्डर जॉर्ज स्प्रिंगर, क्रमांक 11. त्याच्या आगेमागे फ्रान्सिस्को लिंडोर (8), हाविएर बाएझ (9), होसे फर्नांडेझ (14) अशी नावं आहेत; पण त्याच गर्दीत टेलर युंगमन (12) आणि जेड ब्रॅडली (15) सुद्धा आहेत, ज्यांचं फार काही झालं नाही. इतक्या भरलेल्या वर्षातही चुकायला भरपूर जागा होती, आणि ॲस्ट्रोजला 2017 च्या वर्ल्ड सिरीजचा सर्वोत्तम खेळाडू मिळाला. त्या सिरीजमध्ये स्प्रिंगरने पाच होम रन मारले. ही निवड जेफ लुनाव यांची नाही, ज्यांच्या कारकिर्दीत 2017 चा विजय आला. ते जनरल मॅनेजर झाले डिसेंबर 2011 मध्ये. स्प्रिंगर निवडला गेला तेव्हा त्या खुर्चीत एड वेड होते आणि स्काउटिंगची सूत्रं बॉबी हेक यांच्याकडे होती. 2009 च्या सातव्या फेरीत घेतलेला डॅलस कायकल, जो पुढे 2015 मध्ये सर्वोत्तम पिचरचा साय यंग पुरस्कार मिळवतो, तोही याच लोकांचा. यांची नावं आज फारशी कोणी घेत नाही, हे मला मनापासून खटकतं.

2012 च्या ओळीवर मी सगळ्यात जास्त वेळ घालवला. त्या वर्षापासून नियम बदलले. प्रत्येक क्रमांकाला एक रक्कम नेमून दिली आणि पहिल्या दहा फेऱ्यांची बेरीज म्हणजे संघाची तिजोरी. त्याबाहेर फार गेलं की दंड. पहिल्या क्रमांकाची रक्कम 72 लाख डॉलर होती. बायरन बक्स्टन आणि स्टॅनफर्डचा पिचर मार्क अपेल ही नावं तेव्हा वर होती. ॲस्ट्रोजने पोर्तो रिकोचा 17 वर्षांचा कार्लोस कोरेया निवडला आणि 48 लाखांत करार केला. वाचलेले पैसे कुठे गेले? 41 व्या क्रमांकावर लान्स मॅककलर्स ज्युनियरला 25 लाख मिळाले, नेमलेल्या रकमेच्या जवळजवळ दुप्पट. चौथ्या फेरीतल्या रिओ रुईझला साडेअठरा लाख. दोघंही शाळकरी होते आणि एवढे पैसे मिळाले नसते तर बहुधा कॉलेजला गेले असते. म्हणजे पहिल्या क्रमांकाच्या किमतीत संघाने एक नव्हे, तीन मुलं घेतली. कोरेया 2015 मध्ये अमेरिकन लीगचा (मेजर लीगच्या दोन गटांपैकी एक, दुसरा नॅशनल लीग) सर्वोत्तम नवोदित ठरला आणि ॲस्ट्रोजकडे त्याचा वॉर तिसाच्या पुढे गेला. मॅककलर्सने 2017 मध्ये वर्ल्ड सिरीजच्या आधीच्या मालिकेत, यँकीजविरुद्धच्या सातव्या सामन्यात, शेवटच्या चार इनिंग टाकल्या आणि अखेरचे 24 चेंडू सलग कर्व्हबॉल, म्हणजे वळणारे, टाकले. माझ्या मते त्या वर्षीचं खरं शहाणपण एका नावात नव्हतं, पैसे कसे वाटले त्यात होतं. म्हणून मी तीन ओळींची एक ओळ केली.

2013 मध्ये हे शहाणपण दिसत नाही. आदल्या वर्षी आठव्या क्रमांकावर पायरेट्सना नकार दिलेला अपेल आता पहिला आला आणि त्याला 63 लाख 50 हजार मिळाले. लगेच पुढच्या जागेवर शिकागो कब्ज या संघाने क्रिस ब्रायंटला 67 लाखांत घेतलं. त्या वसंतात कॉलेजमध्ये 31 होम रन मारणारा ब्रायंट तेव्हाही कोणाच्या नजरेआड नव्हता. दोघांची किंमत जवळपास सारखी, त्यामुळे पैशांची सबब चालत नाही. पिचरचा खांदा आणि कोपर फलंदाजाच्या मनगटापेक्षा लवकर दगा देतात, हेही सगळ्यांना ठाऊक होतं. निर्णयाच्या रकान्यात मी ‘कमी’ लिहिलं. ब्रायंट 2016 मध्ये नॅशनल लीगचा सर्वोत्तम खेळाडू झाला. अपेलला ॲस्ट्रोजच्या कॅलिफोर्नियातल्या लँकेस्टरच्या कनिष्ठ संघातून, तिथल्या वाऱ्यात खेळताना, फलंदाजांकडून जबर मार बसला आणि 2015 च्या डिसेंबरात तो फिलीजकडे गेला.

अपेलला ‘फुकट गेलेला’ म्हणणं मला मान्य नाही. त्याने 2018 मध्ये खेळ सोडला, 2021 मध्ये परत आला आणि जून 2022 मध्ये, तिशीत, फिलीजकडून मेजर लीगमध्ये उतरला. सहा सामने, दहाच्या वर इनिंग आणि दर नऊ इनिंगमागे सरासरी 1.74 धावा. ॲस्ट्रोजच्या खात्यात यातलं काहीच येत नाही. पण ताळेबंद संघाचा असतो, माणसाचा नव्हे, आणि लोक हे दोन्ही सर्रास एकत्र करतात.

2014 ची ओळ रिकामीच राहिली असती. सॅन दिएगोचा शाळकरी डावखुरा पिचर ब्रेडी एकिन पहिला निवडला गेला, 65 लाखांवर बोलणंही झालं. मग वैद्यकीय तपासणीत कोपराच्या लिगामेंटबद्दल शंका निघाली, संघाने रक्कम खाली आणली आणि जुलैची मुदत टळली. पहिल्या क्रमांकाचा खेळाडू करारावाचून राहण्याची ही 1971 आणि 1983 नंतरची तिसरीच वेळ. एकिनची नेमलेली रक्कम तिजोरीतून गेली, त्यामुळे पाचव्या फेरीतल्या जेकब निक्सशी 15 लाखांचं ठरलेलंही मोडलं. पुढच्या मार्चमध्ये एकिनवर कोपराच्या लिगामेंटची टॉमी जॉन शस्त्रक्रिया झाली आणि तो मेजर लीगपर्यंत पोचला नाही. डॉक्टरांची शंका खरी निघाली हे मी मान्य करते, पण निक्सचा काय गुन्हा होता? त्याच्यापायी मी निर्णयाच्या रकान्यात गुण कापले. माझ्या मुलाने विचारलं, “आई, त्याला कुठे वॉरमध्ये मोजतात?” नाही मोजत. दिलेला शब्द आकड्यात येत नसला तरी ड्राफ्टचं काम शब्दावरच चालतं, म्हणून तो माझ्या तक्त्यात आहे.

एकिनच्या भरपाईत ॲस्ट्रोजला 2015 ची दुसऱ्या क्रमांकाची निवड मिळाली आणि लुइझियाना स्टेटचा अलेक्स ब्रेगमन आला. त्याचा वॉर ॲस्ट्रोजकडे तिसाच्या पलीकडे गेला. 2017 च्या वर्ल्ड सिरीजच्या पाचव्या सामन्यात 13-12 ने जिंकवणारा फटका त्याचाच. म्हणून 2014 आणि 2015 मी एकाच खात्यात धरली. 2015 मध्येच पाचव्या क्रमांकावर काइल टकर आला. त्याच्या आधीचा डिलन टेट आणि नंतरचा टायलर जे पाहिले की ती निवड आणखी उजळते. 37 व्या क्रमांकाचा डॅझ कॅमरॉन ॲस्ट्रोजकडून कधी खेळलाच नाही, पण 31 ऑगस्ट 2017 ला पिचर जस्टिन व्हरलँडरला आणणाऱ्या ट्रेडमध्ये, म्हणजे खेळाडूंच्या अदलाबदलीत, तो डेट्रॉइटला गेला. व्हरलँडरचा सगळा वाटा कॅमरॉनच्या नावे टाकता येत नाही, कारण सोबत आणखी दोघं होते. मी एक तृतीयांश धरला. हे माझं अंदाजपंचे गणित आहे, पण शून्य धरणं त्याहून जास्त अन्यायाचं झालं असतं.

बेरीज झाल्यावर माझं मत पक्कं झालं. हरून मिळालेल्या तीन पहिल्या क्रमांकांतून थेट हाती लागला एकटा कोरेया. बाकीचं स्प्रिंगरच्या अकराव्या, ब्रेगमनच्या भरपाईच्या आणि मॅककलर्सच्या वाचवलेल्या पैशांतून आलं. प्रतिस्पर्ध्यांच्या खुणा चोरून वाचण्याच्या प्रकरणात जानेवारी 2020 मध्ये शिक्षा झाली, तेव्हा 2020 आणि 2021 च्या पहिल्या दोन फेऱ्यांच्या निवडी संघाने गमावल्या. तरीही 2022 मध्ये तो पुन्हा जिंकला, आणि त्या वर्ल्ड सिरीजचा मानकरी जेरेमी पेन्या 2018 च्या तिसऱ्या फेरीतला होता.

टकरची ओळ अजून चालू आहे. डिसेंबर 2024 मध्ये तो कब्जकडे गेला आणि बदल्यात आलेल्या तिघांमध्ये कॅम स्मिथ आहे, ज्याला कब्जनी त्याच वर्षी चौदाव्या क्रमांकावर निवडलं होतं. आता स्मिथ जे खेळेल ते मी टकरच्या खात्यात जमा करणार आहे, आणि 2016 पासूनच्या निवडींनाही हेच नियम लावणार आहे.