घरच्या बिअरचा फेस आवरताना: माझा अनुभव

मी अमेरिकेत घरी बिअर करतो. इथे १९७८च्या कायद्याने घरच्यापुरती बिअर करायला मोकळीक मिळाली. महाराष्ट्रात परवान्याशिवाय हे करता येत नाही, हे आधीच सांगतो.

पाच गॅलन, म्हणजे १९ लिटर बिअर हवी तर तासभराच्या उकळीत आटणारं आणि गाळाबरोबर जाणारं धरून सुरुवातीला २४-२५ लिटर वर्ट, म्हणजे माल्टचा (मोड आणून वाळवलेल्या जवाचा) गोड रस लागतो. तो ३० लिटरच्या पातेल्यात मावतो, पण फेसाला जागा उरत नाही. मी ४० लिटरचं पातेलं घेतलं. उतू जाण्यावर याहून भरवशाचा उपाय मला माहीत नाही.

वर्ट ९५ अंशांवर आला की मी आच निम्म्यावर आणतो आणि तिथून हलत नाही. माल्टमधली प्रथिनं वाफेच्या बुडबुड्यांभोवती चिवट पापुद्रा धरतात, म्हणून बुडबुडे फुटत नाहीत, एकावर एक चढतात. पहिली पाच ते पंधरा मिनिटं हेच चालतं. मग प्रथिनं गोठतात, वर्टात नासलेल्या दुधासारखे कण फिरू लागतात आणि फेस आपोआप बसतो. यालाच हॉट ब्रेक म्हणतात. तो झाल्याशिवाय मी हॉप्स, म्हणजे बिअरला कडवटपणा देणारी वाळवलेली फुलं, टाकत नाही. हॉप्स दाबून केलेल्या गोळ्यांचा भुगा बुडबुड्यांना धरायला हजारो जागा देतो. शांत दिसणारी उकळी त्याने एकदम उसळते, म्हणून पहिले हॉप्स आच कमी करून चिमूटचिमूट टाकावेत.

हाताशी गार पाण्याची फवारणीची बाटली ठेवतो. फेस काठाशी आला की आधी गॅस बंद, मग फवारा. कॉइलच्या शेगडीवर जास्त जपावं लागतं, कारण बटण बंद केलं तरी कॉइल तापलेलीच राहते. झाकण कधीच लावत नाही. फेस कोंडतो हे झालंच, शिवाय उकडलेल्या मक्यासारखा वास देणारं डीएमएस हे रसायन वाफेबरोबर निघून जायला हवं. माल्ट एक्स्ट्रॅक्ट (वर्ट आटवून केलेला पाक किंवा भुकटी) वापरत असाल तर ते गॅस बंद करूनच घाला आणि पूर्ण विरघळेपर्यंत ढवळा. नाहीतर ते तळाला बसून करपतं आणि पुन्हा आच दिली की उसळतं.

गुऱ्हाळात काहिलीतला रस वर आला की तेल टाकून बसवतात. बिअरमध्ये तो मोह टाळा, तेलाने ग्लासातला फेसही मरतो. त्याऐवजी फर्मकॅप हे सिलिकोनचं द्रावण मिळतं. गॅलनला एक-दोन थेंब पुरतात. बाटली फ्रिजमध्ये ठेवायची आणि वापरण्याआधी हलवायची. ते यीस्टबरोबर तळाशी बसतं, म्हणून बिअर वरून अलगद काढून घ्यावी.

उतू गेलेला वर्ट म्हणजे साखरेचा पाक. त्याने बर्नर विझला आणि गॅस चालूच राहिला, तर खरा धोका तो. डाग तापलेला असताना खरवडू नका, बर्नर निवल्यावर गरम पाण्याने भिजवून काढा.

आंबवतानाही फेस येतोच. १९ लिटरला २५ लिटरची बादली घ्या. गव्हाच्या बिअरचं यीस्ट फार फेसाळतं. तेव्हा छोटा एअरलॉक (वायू बाहेर सोडणारी, पण हवा आत न घेणारी झडप) हॉप्सच्या चोथ्याने तुंबतो आणि साठलेला वायू झाकण उडवतो. पहिले तीन-चार दिवस मी त्याजागी २५ मिलिमीटरची जाड नळी लावतो. तिचं टोक भांड्यातल्या स्टार सॅनच्या (निर्जंतुक करणाऱ्या द्रावणाच्या) पाण्यात बुडवायचं, आणि ते भांडं बादलीच्या खालच्या पातळीवर ठेवायचं. वर ठेवलं तर बादली गार होताना तेच पाणी उलटं बिअरमध्ये शिरतं.